चावी नेमकी आहे तरी कुठे?

नवरात्रात तुळजापूरच्या वाहनतळावर नुसती नजर फिरवली तरी गाड्यांचा बदललेला काळ दिसतो. सोलापूर, लातूर, बीडच्या, झालेच तर कर्नाटक-तेलंगणाच्या पाट्या लावलेल्या गाड्यांच्या रांगा. त्यांतून उतरणारे भाविक आता दारात चावी फिरवत नाहीत. मुठीवरचे छोटे बटण दाबले, आरसे मिटले, झाले. चावी खिशात, पर्समध्ये, नाहीतर ओटीच्या पिशवीच्या तळाशी. परत आल्यावर मुठीला हात लावला की दार उघडते.

हे सुख केवळ मोठ्या गाडीवाल्यांचे राहिलेले नाही. होंडाने जानेवारी २०२३मध्ये अ‍ॅक्टिवा स्कूटरला ‘स्मार्ट की’ दिली. चावी दोन मीटरच्या आत असली की ती खिशातून न काढताच स्कूटर सुरू होते. विजेवरच्या काही स्कूटर तर मालकाच्या फोनच्या ब्लूटूथवर उघडतात. धाराशिवच्या शाळेतल्या बाई, उमरग्याचा औषध दुकानदार, कळंबच्या बाजार समितीतला आडत्या, असे सगळेच या बिनचावीच्या कारभारात आले आहेत. विकताना त्यांना सोय सांगितली जाते. ती चालते कशी आणि फसते कुठे, हे शोरूममधल्या मुलालाही सहसा ठाऊक नसते. त्याला ते कुणी शिकवलेलेच नसते.

या व्यवस्थेला सोडवायचा असतो तो एकच प्रश्न: चावी कुठे आहे? दाराशी, गाडीच्या आत, की घरात खुंटीला? माणसाला हा प्रश्न पोरकट वाटेल. बिनतारी यंत्राला तो फार अवघड जातो. त्यात चावीच्या पोटातल्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या सेलवर वर्ष-दोन वर्षे काढायची असतील तर आणखीच अवघड.

मोबाइलमधला जीपीएस इथे उपयोगाचा नाही. उपग्रहाचा संदेश इतका क्षीण असतो की स्लॅबखाली तो धड पोहोचत नाही आणि मोकळ्या आकाशाखालीही त्यात काही मीटरची चूक असते. दार उघडायचे की नाही हे ठरवायला हातभर अचूकता लागते. म्हणून सगळ्यात सोपा मार्ग निघाला तो आवाजाच्या जोरावरून अंतर ओळखण्याचा. हाक मोठी आली तर माणूस जवळ, बारीक आली तर लांब. रेडिओलहरीचेही तसेच आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की संदेशाचा जोर एक-चतुर्थांश उरतो. ब्लूटूथवर चालणारी स्वस्त कुलुपे आणि फोनवर उघडणाऱ्या बऱ्याच गाड्या याच हिशेबावर चालत आल्या आहेत.

पण मोकळी जागा असते कुठे? ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेते आणि माणूस म्हणजे बहुतांशी पाणी. चावी मागच्या खिशात आणि गाडी समोर, एवढ्यानेही संदेश दहापट क्षीण होऊ शकतो. मग यंत्राला वाटते, चावी आहे त्याच्या तिपटीहून लांब आहे. तुळजापूरच्या गर्दीत दहा माणसे मध्ये आली तर विचारायलाच नको. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरातल्या जाड भिंतीत लहर गुदमरते. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीच लहर पत्र्यावरून उसळून चार वाटांनी येते. त्या वाटांवरच्या लहरी कुठे एकमेकींना मारतात, कुठे बळ देतात. चावी वीतभर सरकवली तरी जोर बदलतो. २००० साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी यावर एक नामी तोड काढली होती. इमारतीत जागोजागी संदेशाचा जोर आधीच मोजून त्याचा नकाशा करून ठेवायचा आणि नंतर त्याच्याशी जुळणी करायची. त्यातून दोन-तीन मीटरपर्यंतची अचूकता आली. घरातला माणूस कोणत्या खोलीत आहे हे सांगायला ती पुरेशी आहे, गाडीचे दार उघडायला नाही. चावी भिंतीच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे दोन मीटरच्या चुकीत कळत नाही.

आता कारच्या चाव्यांकडे येऊ. त्यांची रीत थोडी वेगळी असते. मुठीला हात लागला की गाडी सव्वाशे किलोहर्ट्झच्या आसपासची मंद लहर सोडते. ही लहर मीटर-दोन मीटरपलीकडे जात नाही. चावीने ती ऐकली की ती जागी होते आणि वरच्या पट्टीत गुप्त उत्तर देते. गाडी समजते, ‘चावीला ऐकू गेले, म्हणजे ती जवळच आहे.’

सगळा घोटाळा या ‘म्हणजे’त आहे. २०११ साली झुरिचच्या ईटीएच या संस्थेतल्या ऑरेलिआँ फ्रांसियाँ, बोरिस डानेव आणि सर्जान चाप्कुन या संशोधकांनी आठ कंपन्यांची दहा मॉडेले तपासली. दहाही फसली. युक्ती अगदी साधी होती. एकाने गाडीजवळ उभे राहून तिची मंद हाक पकडायची, दुसऱ्याने ती घरातल्या चावीपर्यंत पोहोचवायची, चावीचे उत्तर तसेच मागे आणायचे. गुप्त संकेत कुणी फोडत नाही, फोडावा लागतच नाही. दोन माणसांच्या संभाषणात तिसऱ्याने नुसता कर्णा धरावा, तसे. त्यामुळे ‘आमची गुप्तलिपी अभेद्य आहे’ हे कंपन्यांचे उत्तर खरे असूनही निरुपयोगी ठरते. २०२२मध्ये एनसीसी ग्रुप या सुरक्षा कंपनीच्या संशोधकाने फोनच्या ब्लूटूथवर उघडणारी टेस्ला मॉडेल ३ याच पद्धतीने उघडून दाखवली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. भारतातले गाडीचोर याच मार्गाने जातात असे नाही. काच फोडून गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला यंत्र जोडायचे आणि नवी चावी ‘शिकवायची’, हाही एक मार्ग आहे, आणि टो करून नेणे तर सगळ्यात जुने. पण ज्या तऱ्हेने बिनचावीच्या गाड्या वाढत आहेत ती पाहता, जी दुरुस्ती आज स्वस्तात होते ती चोर शिकेपर्यंत लांबवण्यात शहाणपण नाही.

दुरुस्ती आहे ती वेळ मोजण्यात. संदेशाचा जोर वाढवता येतो, प्रकाशाचा वेग वाढवता येत नाही. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे ३० सेंटीमीटर जाते. गाडीने हाक मारल्यापासून चावीचे उत्तर येईपर्यंतचा वेळ मोजला की अंतर कळते. मध्ये चोराने कर्णा धरला तर वेळ वाढतो, कमी होत नाही. चावी लांब असल्याचे आपोआप उघड होते.

मात्र एवढा सूक्ष्म वेळ मोजायचा तर संदेशही टोकदार हवा. देवीच्या गोंधळात संबळ वाजतो तेव्हा टिपरीचा प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. मंदिराच्या ओवऱ्यांवरून आलेला त्याचा प्रतिध्वनीही मूळ ठोक्यापासून कानाला वेगळा काढता येतो. शिंगाचा लांबलचक सूर असेल तर मूळ आवाज कुठे संपला आणि प्रतिध्वनी कुठे सुरू झाला, सांगता येत नाही. नेहमीचे ब्लूटूथ शिंगासारखे आहे. त्याचा एकेक ठोका मायक्रोसेकंदाच्या हिशेबात चालतो आणि तेवढ्यात लहर शेकडो मीटर गेलेली असते. ‘अल्ट्रा-वाइडबँड’ हे तंत्र संबळासारखे आहे. ते ५०० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून रुंद पट्टा वापरते, त्यामुळे त्याचे ठोके दोनेक नॅनोसेकंदांत आटोपतात. पत्र्यावरून, भिंतीवरून मीटरभर वळसा घेऊन आलेली लहर तीन नॅनोसेकंद उशिरा येते आणि सरळ आलेल्या लहरीपासून वेगळी ओळखू येते. जोरावर मोजणाऱ्या यंत्राला हैराण करणारा प्रतिध्वनी इथे बाजूला काढता येतो. अचूकता दहा-वीस सेंटीमीटरपर्यंत येते.

आता खर्चाचे. हे तंत्र विजेला फार महाग, म्हणून स्वस्त चावीत बसत नाही, असा एक समज आहे. आकडे मांडून पाहावेत. चावीतला सीआर२०३२ सेल साधारण २२० मिलिअँपिअर-तासांचा असतो. तो वर्षभर पुरवायचा तर सरासरी प्रवाह २५ मायक्रोअँपिअरच्या पुढे जाता कामा नये. अल्ट्रा-वाइडबँडचा ग्राहक चालू असताना ५० मिलिअँपिअर घेतो असे धरू. तो सतत चालू ठेवला तर सेल कागदावर साडेचार तासही टिकणार नाही. प्रत्यक्षात एवढा छोटा सेल इतका प्रवाह सलग देणारच नाही. समज खराच, असे इथपर्यंत वाटते.

पण अंतर मोजायला लागतात किती वेळ? पाच मिलिसेकंद धरा. एका मोजणीला ०.०७ मायक्रोअँपिअर-तास खर्च होतात. दिवसाला अशा शंभर मोजण्या केल्या तरी वर्षाकाठी अडीच मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलचा जेमतेम एक टक्का. वीज मोजण्यात जात नाही, ती कान लावून बसण्यात जाते. रात्रभर दाराशी जागत बसलेला पहारेकरी थकतो. कडी वाजल्यावर उठून पाहणारा थकत नाही.

म्हणून चांगल्या व्यवस्थेत कामाची वाटणी असते. अगदी कमी विजेवर चालणारा ब्लूटूथ झोपेत मधूनमधून डोळा उघडतो. गाडीची चाहूल लागली की तो अल्ट्रा-वाइडबँडला उठवतो, ते चटकन अंतर मोजते आणि पुन्हा झोपते. गाडी आणि फोन कंपन्यांच्या ‘कार कनेक्टिव्हिटी कन्सॉर्शियम’ या संघटनेने २०२१मध्ये आणलेल्या डिजिटल चावीच्या तिसऱ्या प्रमाणकात हेच आहे.

यात एक बारकावा असा आहे की अचूकता आणि काटकसर एकाच बाजूला उभ्या राहतात. गाडीचे आणि चावीचे घड्याळ वेगवेगळे असते आणि स्वस्त स्फटिकाच्या घड्याळात दहा लाखांत वीस भागांची चूक सहज असते. चावीने उत्तर द्यायला एक मिलिसेकंद घेतला तर तेवढ्या चुकीमुळे अंतरात तीन मीटरचा फरक पडतो. उत्तर दहापट लवकर दिले तर चूक ३० सेंटीमीटरवर येते. शिवाय रेडिओ कमी वेळ चालू राहिल्याने वीजही वाचते. दोन्ही बाजूंनी एकेकदा मोजून चूक एकमेकींत वजा करण्याची रीतही आता रूढ आहे. थोडक्यात, ‘अचूकता हवी तर बॅटरी विसरा’ हे विक्रेत्याचे वाक्य आहे, अभियंत्याचे नव्हे.

त्याहून स्वस्त उपायही आहे. फोर्डने २०१९मध्ये ब्रिटनमध्ये काही गाड्यांच्या चावीत हालचाल ओळखणारा छोटा संवेदक बसवला. चावी ४० सेकंद स्थिर राहिली की ती झोपते आणि गाडीच्या हाकेला उत्तर देत नाही. उचलली की जागी होते. रात्री खुंटीला लटकलेल्या चावीचा आवाज चोराला लांबवता येत नाही, कारण चावी बोलतच नाही. असा संवेदक प्रत्येक मोबाइलमध्ये असतो, त्याला वीज नाममात्र लागते आणि त्याच्यामुळे सेलची वाचते ती वेगळीच. इतकी सोपी सोय दहा-बारा लाखांच्या गाडीच्या चावीत नसावी, याला कंपन्यांकडे पटण्याजोगे कारण नाही. चाकणला गाड्या जुळवणाऱ्या कंपन्यांना छतावर उघडणारी काच परवडते, मग चावीतला हा कणही परवडायला हवा. ग्राहकाने शोरूममध्ये काचेऐवजी चावीबद्दल विचारायला सुरुवात केली तर तो बसेलही.

अर्थात संवेदकाने सगळे भागत नाही. तुळजापूरच्या गर्दीत चालणाऱ्या माणसाच्या खिशातली चावी हलतच असते, म्हणजे जागीच असते. तिथे अंतर मोजणेच हवे. आणि अल्ट्रा-वाइडबँडही अजिंक्य नाही. ईटीएचच्याच संशोधकांनी २०२२मध्ये आयफोनमधल्या अशा चिपला फसवून बारा मीटरचे अंतर शून्य दाखवले. शंभरातले फार तर चार प्रयत्न यशस्वी झाले, पण झाले. पुढच्या चिपांत त्यावर तोड यायला हवी.

दुसरी अडचण फोनची. अल्ट्रा-वाइडबँड महागड्या फोनांतच मिळते. दहा-पंधरा हजारांच्या ज्या फोनावर धाराशिव जिल्ह्यातले बहुतेक व्यवहार चालतात, त्यांत ते नाही. इथे जास्त आशा आहे ती सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर झालेल्या ब्लूटूथ ६.०कडून. त्यातल्या ‘चॅनल साउंडिंग’ या सोयीत संदेश सत्तरहून अधिक वाहिन्यांवर एकामागून एक पाठवला जातो. प्रत्येक वाहिनीवर लहर कोणत्या टप्प्यात परत येते, हे जुळवून अंतर काढतात आणि चोराला ओळखायला जाण्यायेण्याचा वेळही तपासतात. अचूकता अल्ट्रा-वाइडबँडएवढी नाही, पण नुसत्या जोरावरच्या अंदाजापेक्षा कितीतरी बरी. वेगळा रेडिओही लागत नाही. स्वस्त फोन आणि स्कूटरच्या चावीत उद्या काही येणार असेल तर ते हेच.

हा सगळा चोरीचा हिशेब झाला. त्याहून मोलाचे काही या प्रश्नात अडकले आहे आणि त्याची चर्चा मराठवाड्यात व्हायलाच हवी. ते म्हणजे गाडीत अडकणारी मुले. एप्रिल २०२४मध्ये मुंबईच्या अँटॉप हिल भागात उभ्या गाडीत दोन लहान भावंडांचा गुदमरून मृत्यू झाला. अमेरिकेत २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या गाडीचे आतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने चढले, आणि त्यातली ८० टक्के चढ पहिल्या अर्ध्या तासात झाली. काच थोडी खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही. हे प्रयोग २२ ते ३६ अंशांच्या दिवसांत झाले होते. धाराशिवचा पारा मे महिन्यात ४० ओलांडतो. लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापते.

बिनचावीच्या गाडीत धोका असा वाढतो. गाडी घराच्या भिंतीला लागून उभी, चावी त्याच भिंतीच्या आतल्या खुंटीला. अंतर हातभर. गाडीच्या लेखी मालक दाराशीच उभा आहे. खेळता खेळता पोराने मुठीला हात लावला की दार उघडते. पोर मागच्या सीटवर जाते, दार लागते, आणि मागच्या दारांचे चाइल्ड लॉक लावलेले असेल तर आतून ते उघडत नाही. चावी भिंतीच्या कोणत्या बाजूला आहे हे गाडीला कळत असते तर दार उघडलेच नसते. अचूकतेतले अर्धा-एक मीटर इथे कुणाच्या तरी जिवाचे ठरतात.

गंमत अशी की, उपायही त्याच चिपमध्ये आहे. अल्ट्रा-वाइडबँडची जी टोकदार लहर चावीचे अंतर मोजते, तीच आसनावरून परावर्तित झाली की श्वासाने छातीची होणारी मिलिमीटरभर हालचालही टिपते. पांघरुणाखाली झोपलेले तान्हे बाळसुद्धा. गाडी बंद झाल्यावर दर काही सेकंदांनी एकदा पाहायचे, हालचाल दिसली तर हॉर्न वाजवायचा, मालकाच्या फोनला कळवायचे. युरोपची सुरक्षा चाचणी घेणारी ‘युरो एनसीएपी’ अशा सोयीला २०२३पासून गुण देते. आपल्याकडे ‘भारत एनसीएपी’ १ ऑक्टोबर २०२३पासून लागू झाली. तिचे तारे मोठ्यांची सुरक्षा, मुलांची सुरक्षा आणि सुरक्षेला मदत करणारी साधने यांवर मिळतात. त्यात दोन गोष्टींची भर घालणे सरकारला अवघड नाही. उभ्या गाडीतले मूल गाडीला कळते का? आणि चावीचे अंतर ती मोजते की नुसते गृहीत धरते? पहिलीला गुण द्यावेत. दुसरीबद्दल निदान विक्रीच्या कागदावर स्पष्ट छापण्याची सक्ती करावी. देशाला उन्हाळा नवा नाही, नियमालाही नसावा.

वीज वाचवण्याचा संबंध मुलांशी आणखी एका वाटेने येतो. चावीचा सेल जितका लवकर संपेल तितके चपटे सेल घरात जास्त फिरणार. जुना सेल खिडकीत, देवळीत, ड्रॉवरमध्ये पडून राहतो आणि रांगत्या मुलाच्या हाती लागतो. वीस मिलिमीटरचा लिथियम सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो. ओलाव्यात त्यातून प्रवाह सुरू होतो, त्या जागी तीव्र अल्क तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. गाडीच्या कामाला ‘संपलेला’ सेलही एवढे करायला पुरेसा असतो. भूम, परंडा, वाशीकडच्या खेड्यातून दुर्बिणीने सेल काढण्याची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात पोहोचायलाच वेळ जातो, म्हणून घरी वाट पाहू नये. उलटी करवू नये. मूल एक वर्षावरचे असेल आणि गिळू शकत असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देत राहण्याचा सल्ला अमेरिकेच्या विषबाधा केंद्राने दिला आहे. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये. मधासाठी निघायला उशीर तर मुळीच करू नये. सेल बदलल्यावर जुन्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो दुकानदाराकडे परत द्यावा.

हृदयात पेसमेकर बसवलेल्यांसाठी एक सूचना गाडीच्या माहितीपुस्तिकेत असते आणि ती कुणी वाचत नाही. दारात आणि आसनांजवळ बसवलेल्या चावीच्या अँटेनांपासून पेसमेकर थोडा दूर ठेवावा, काही कंपन्या २२ सेंटीमीटर सांगतात. पुस्तिकेत अँटेनांच्या जागा दाखवलेल्या असतात. शंका असेल तर ही सोय शोरूममधून बंद करून घेता येते.

बिनचावीचे कुलूप आता इमारतींच्या दारांवरही येऊ लागले आहे. कचेऱ्या, बँका, वसतिगृहे, रुग्णालयांचे विभाग. महाराष्ट्रात याचे एक मजेशीर उदाहरण आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना कुलूप न लावण्याची परंपरा, म्हणून २०११मध्ये युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा उघडली. दाराला काच होती आणि चटकन दिसणार नाही असे, दुरून चालवायचे विद्युतचुंबकीय कुलूपही होते. श्रद्धेचा मान राहिला, रोकडही राहिली. पण गंमत बाजूला ठेवली तर असे कुलूप वीज गेल्यावर काय करते, हा प्रश्न धाराशिवसारख्या जिल्ह्यात पहिला विचारायला हवा. चुंबकी कुलूप वीज गेली की उघडते; काही दुसरी कुलुपे वीज गेली की बंदच राहतात. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागाला आग लागून दहा बालकांचा जीव गेला. त्या घटनेचा कुलपाशी संबंध जोडण्याचे कारण नाही, पण आग लागल्यावर एकेका मिनिटाचे मोल काय असते हे तिने दाखवले. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार बाहेर पडण्याचे दार आतून चावीशिवाय उघडले पाहिजे. कार्ड, फोन किंवा ‘तुम्ही दाराच्या कोणत्या बाजूला आहात’ हे ओळखणारी चिप, यांपैकी काहीही या नियमाच्या आड येता कामा नये. नवे दार बसवून घेणाऱ्या संस्थेने ठेकेदाराकडून मेन स्विच बंद करून हे दाखवून घ्यावे.

राहिला तो आज हातात असलेल्या चावीचा प्रश्न. नवी चिप यायची तेव्हा येईल. चावी गाडीपासून दोन-चार मीटर लांब ठेवावी. गाडीच्या अगदी जवळ राहिली तर दोघींचे रात्रभर बोलणे सुरू राहते आणि चावीचा सेल व गाडीची बॅटरी दोन्ही उतरतात. चावीच्या पोटात लपवलेली धातूची चावी कशी काढायची आणि सेल संपल्यावर चावी स्टार्ट बटणाला किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी टेकवून गाडी कशी सुरू करायची, हे घरातल्या सगळ्यांनी एकदा करून पाहावे. गाडीवाले बरेच जण हे पहिल्यांदा शिकतात ते रात्री, नळदुर्गच्या पुढे हमरस्त्यावर. रात्री चावी पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवण्याचा उपायही चालतो, पण सगळे डबे सारखे नसतात. चावी डब्यात घालून झाकण लावावे, डबा गाडीच्या दाराला टेकवून मुठीला हात लावावा. दार उघडले तर डबा बदलावा.